अपुऱ्या कागदपत्रांचा आयओएमएमयू: आधी मुद्दाम फॉल्ट घडवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका एआरएम चिपवरच्या व्हिडिओ डीकोडरसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहायचाय. डीकोडर आणि रॅम यांच्यामध्ये आयओएमएमयू बसलेला आहे, म्हणजे डिव्हाइसने दिलेला पत्ता पेज टेबल नावाच्या तक्त्यात बघून रॅमच्या खऱ्या पत्त्यात बदलणारं हार्डवेअर. चिपच्या मॅन्युअलमध्ये त्याला जेमतेम तीन पानं दिली आहेत. त्यात रजिस्टरांची (हार्डवेअरला हुकूम द्यायच्या आणि त्याची स्थिती वाचायच्या कप्प्यांची) नावं आणि ऑफसेट (त्यांच्या जागा) आहेत, बिटांचा अर्थ नाही. व्हेंडरच्या जुन्या कर्नलमधला कोड हाताशी आहे, पण त्यात नुसते हेक्स आकडे. आयओएमएमयू बायपास केला, म्हणजे पत्ते न बदलता जाऊ दिले, की डीकोडर चालतो. चालू केला की कधी हिरवीगार फ्रेम येते, कधी अख्खा बोर्ड गोठतो. "हे हार्डवेअर समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?"

तुमची चिप मी वापरलेली नाही, त्यामुळे अमुक बिट लावा असं सांगत नाही. काही गोष्टी चिपवरच ठरतात: पेज टेबल वाचणारं हार्डवेअर सीपीयूची कॅश बघतं की थेट रॅम, फॉल्ट (पत्ता तक्त्यात नाही किंवा परवानगी नाही अशी तक्रार) आल्यावर ते डिव्हाइसला थांबवून ठेवतं की चुकीचा डेटा देऊन मोकळं होतं, आणि काही रजिस्टरं सिक्युअर फर्मवेअरच्या ताब्यात आहेत का. पण ही उत्तरं बोर्डाकडूनच काढून घेता येतात. ती कशी काढायची, हाच तुमचा खरा प्रश्न आहे असं मी समजतो.

आधी लक्षणांकडे नीट बघा, कारण तुम्ही दोन वेगळे आजार एकत्र सांगितलेत. वाययूव्ही फॉरमॅटमध्ये सगळे बाइट शून्य असले की पडद्यावर हिरवा रंग दिसतो. म्हणजे हिरवी फ्रेम सांगते की तुम्ही जो बफर वाचताय त्यात कोणी काही लिहिलेलंच नाही. डीकोडरचं लिखाण दुसरीकडे गेलं, वाटेत गिळलं गेलं, किंवा सीपीयूला जुनी कॅश दिसतेय. बोर्ड गोठणं हे वेगळं प्रकरण आहे. तिथे बसवरच्या एखाद्या व्यवहाराला उत्तरच मिळालेलं नाही. पहिल्यात पत्ता किंवा कॅश संशयित, दुसऱ्यात क्लॉक, पॉवर किंवा रिसेट. दोन्ही एकदम सोडवायला जाऊ नका.

पत्त्यांची भानगडही आत्ताच मिटवा. वहीत चार रकाने पाडा: सीपीयूचा व्हर्च्युअल पत्ता, रॅमचा फिजिकल पत्ता, डिव्हाइसला दिलेला पत्ता (आयओव्हीए), आणि बसवर प्रत्यक्ष दिसणारा पत्ता. शेवटचे दोन एकच असतील असं गृहीत धरू नका. रास्पबेरी पायच्या पहिल्या चिपचं, बीसीएम२८३५ चं, मॅन्युअल पेरिफेरलचे पत्ते हेक्समध्ये ७ई पासून सुरू होणारे देतं. एआरएमला तेच पेरिफेरल २०००००००च्या जागी दिसतात, आणि पाय २ मध्ये ती जागाही बदलून ३एफ०००००० झाली. तिथे आयओएमएमयूचा संबंधच नाही, नुसता बसचा फरक आहे. तुमच्या लॉगमध्ये प्रत्येक पत्त्याशेजारी तो कुठल्या रकान्यातला हे छापा. निम्मा गोंधळ तिथेच निवळतो.

आता कागदपत्रांबद्दल. तीन पानांवरून माणूस निराश होतो, पण आयओएमएमयू सहसा कोणी कोऱ्या पाटीवरून बनवत नाही. ब्लॉक विकत घेतलेला असतो, उसना असतो किंवा मागच्या चिपमधून उचललेला असतो. माझं आवडतं उदाहरण रॉकचिप या चिप कंपनीचं. आरके३२८८ पासून त्यांच्या चिपमध्ये असलेल्या आयओएमएमयूची रजिस्टरं बघा: शून्यावर टेबलचा पत्ता, ४ वर स्टेटस, ८ वर कमांड, त्यापुढे फॉल्टचा पत्ता, मग एक ओळ झॅप करायचं (आयओएमएमयूने आत साठवलेली नोंद पुसायचं) रजिस्टर. आता २०१९ मध्ये कर्नल ५.२ मध्ये आलेला माली-४०० जीपीयूचा लिमा ड्रायव्हर उघडा आणि त्यातला एमएमयूचा भाग वाचा. तीच रजिस्टरं, तोच क्रम. एकाची कागदपत्रं अपुरी वाटली तर दुसऱ्याचा कोड हेच कागदपत्र. म्हणून पहिलं काम म्हणजे तुमच्या तीन पानांतली रजिस्टरांची नावं आणि ऑफसेट घेऊन कर्नलच्या आयओएमएमयू आणि जीपीयूच्या फोल्डरांमध्ये ग्रेप मारणं, म्हणजे शोधणं. नावं जुळली नाहीत तरी ऑफसेटचा क्रम जुळतो का बघा.

एक इशारा मात्र देतो. नाव सारखं म्हणजे फॉरमॅट सारखा असं नाही. ॲपलच्या एम१ मधल्या आयओएमएमयूला डार्ट म्हणतात. त्याचा ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१५ कर्नलमध्ये आला, तोही ॲपलच्या जाहीर कागदपत्रांशिवाय. पुढे एम१ प्रो आणि मॅक्समध्येही डार्टच होता, पण पेज टेबलच्या नोंदीतला फिजिकल पत्ता चार बिटांनी सरकवलेला आणि वाचणं-लिहिणं रोखणारे बिट दुसऱ्या जागी गेलेले. शिवाय डार्टच्या नोंदीत वरच्या २४ बिटांत पानाच्या आतली परवानगीची सुरुवात आणि शेवट असतो. अशी सोय असेल हे नुसत्या अंदाजाने सुचलं नसतं. तेव्हा भावंडाचा कोड हा अंदाज समजा आणि तो तुमच्या बोर्डावर तपासून घ्या.

तपासायला बसण्याआधी मांडणी साधी करा. आयओएमएमयूचा पूर्ण ड्रायव्हर आत्ता लिहू नका. डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमधल्या) डीकोडरच्या नोडमधून आयओएमएमयूचा उल्लेख काढून टाका, नाहीतर कर्नलचा डीएमए थर (डिव्हाइसना मेमरीचे पत्ते देणारा भाग) तुमच्या पाठीमागे आपले पत्ते वाटत बसेल. एक छोटं टेस्ट मॉड्यूल लिहा. त्यात पेज टेबल हाताने भरा, रजिस्टरं हाताने लिहा. टेबल आणि बफर दोन्ही सध्या ४ जीबीच्या खालच्या रॅममध्ये ठेवा. जमलं तर डीकोडरऐवजी त्याच जातीचा आयओएमएमयू असलेला एखादा साधा ब्लॉक निवडा, टूडी कॉपी करणारा सर्वांत उत्तम. डीकोडरच वापरायचा असेल तर त्याचं पहिलं वाचन, म्हणजे बिटस्ट्रीम उचलणं, एवढ्याकडेच लक्ष ठेवा. फ्रेम बरोबर येते की नाही याच्याशी सध्या आपलं देणंघेणं नाही.

मग क्लॉक आणि पॉवर डोमेन. आयओएमएमयूचा क्लॉक बंद असताना त्याचं रजिस्टर वाचलं की काही चिपवर एसएररची (बसवरच्या चुकीमुळे सीपीयूला येणाऱ्या एररची) ओळ छापून कर्नल पडतो आणि काहींवर ती ओळही न येता सगळं गोठतं. तुमचा बोर्ड गोठतो याचं हे सर्वांत सामान्य कारण आहे. आयओएमएमयूचा क्लॉक डीकोडरच्या क्लॉकपेक्षा वेगळा असू शकतो, तेव्हा व्हेंडरच्या कोडमध्ये पहिल्या रजिस्टर वाचनाआधी कुठकुठले क्लॉक चालू होतात ते मोजून घ्या. रनटाइम पॉवर मॅनेजमेंट प्रयोगापुरतं बंद ठेवा.

आता रजिस्टरं नुसती वाचा. काही न लिहिता सगळ्यांचा डंप घ्या, शक्य असेल तर बूटलोडरमध्येही घ्या. बूटलोडर लोगो दाखवत असेल तर डिस्प्लेच्या आयओएमएमयूचा डंप फार बोलका निघू शकतो.

त्यानंतर कुठले बिट टिकतात ते बघायचं. रॉकचिप आणि लिमा हे दोन्ही ड्रायव्हर सुरुवातीला टेबलच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये हेक्समध्ये सी-ए-एफ-ई-बी-ए-बी-ई असं लिहितात आणि परत वाचतात. लोकांना ती गंमत वाटते, पण त्यात बरीच माहिती भरलेली आहे. जुन्या आवृत्तीत वरचे पाच हेक्स अंकच परत येतात आणि खालचे तीन शून्य होतात. म्हणजे खालचे १२ बिट हार्डवेअर ठेवतच नाही, म्हणजे टेबल ४ केबीच्या सीमेवर हवं. टेबल ४ केबीचं आणि नोंद ४ बाइटची धरली तर १०२४ नोंदी, म्हणजे पत्त्याचे १० बिट. असे दोन स्तर आणि पानाच्या आतले १२ बिट मिळून नेमके ३२ होतात. रॉकचिपच्या दुसऱ्या आवृत्तीत, आरके३५६८ आणि नंतरच्या चिपमध्ये, पाचाऐवजी सात अंक परत येतात. मधले ८ बिट कशाला टिकले? पत्त्याचे ३२ ते ३९ हे बिट त्यात घडी घालून ठेवलेत म्हणून: ३२ ते ३५ हे ८ ते ११ च्या जागी, ३६ ते ३९ हे ४ ते ७ च्या जागी. एक लिखाण, एक वाचन, आणि टेबलचा आकार व फिजिकल पत्त्याची रुंदी, दोन्हींचा भक्कम अंदाज मिळाला.

हा प्रयोग सरसकट सगळ्या रजिस्टरांवर करू नका. कमांडच्या रजिस्टरात कचरा लिहिला तर रिसेट सुटेल, इंटरप्टच्या रजिस्टरात एक लिहिलं की तो बिट साफ होतो. पत्त्यासारखी दिसणारी रजिस्टरं तेवढी तपासा.

इथून पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. नवीन माणूस पहिल्याच दिवशी बरोबर मॅपिंग करायला जातो. तसं करू नका. पहिल्यांदा मुद्दाम चूक घडवा. सगळ्या नोंदी शून्य असलेलं टेबल द्या, पेजिंग चालू करा, आणि ब्लॉकला एका ओळखू येईल अशा पत्त्यावरून वाचायला सांगा. आता फॉल्ट यायलाच हवा. उत्तर आधीच माहीत असलेला हा प्रश्न आहे, आणि अपुऱ्या कागदपत्रांच्या हार्डवेअरला असेच प्रश्न विचारायचे असतात.

फॉल्टच्या रजिस्टरात तुम्ही दिलेलाच पत्ता दिसला तर डिव्हाइस, आयओएमएमयू आणि तुमची समज यांची पहिली गाठ पडली. वरचे बिट वेगळे दिसले तर मध्ये कुठेतरी ऑफसेट किंवा कापाकापी आहे. चौथ्या रकान्याची गरज पडते ती इथे. पत्ता थोडाच पुढे-मागे असेल तर ब्लॉक आधीच पुढचं वाचतोय किंवा मोठ्या बर्स्टच्या (एकदम उचललेल्या डेटाच्या) सीमेवरून सुरुवात करतोय. फॉल्ट आलाच नाही तर स्टेटस रजिस्टर इंटरप्टवर न विसंबता स्वतः वाचा, कारण इंटरप्ट मास्क असू शकतो. तिथेही काही नसेल तर हा ब्लॉक या आयओएमएमयूतून जातच नाहीये: चुकीचा स्ट्रीम क्रमांक (व्यवहार कुठल्या डिव्हाइसचा हे सांगणारा), कुठेतरी अडकलेला बायपास, किंवा दुसराच इन्स्टन्स. रॉकचिपच्या ड्रायव्हरमध्ये एकाच आयओएमएमयूखाली एकापेक्षा जास्त एमएमयू असण्याची सोय आहे आणि प्रत्येक कमांड सगळ्यांना लिहिली जाते. व्हेंडरच्या कोडमध्ये तोच आकडा दोन पत्त्यांवर लिहिलेला दिसला तर तो कॉपी-पेस्टचा गाढवपणा समजून एक ओळ उडवू नका.

मग एकेक पायरी चढा. पहिल्या स्तराची एकच नोंद भरा, दुसरं टेबल रिकामं ठेवा. फॉल्टचा प्रकार बदलला का? डार्टच्या एरर रजिस्टरात मूळ टेबल नाही, मधला स्तर नाही आणि शेवटची नोंद नाही यांसाठी तीन वेगळे बिट आहेत, वर वाचन-लेखनाचे वेगळे. तुमच्या स्टेटसमध्येही कुठला बिट कुठल्या पायरीला बदलतो हे टिपत गेलात की मॅन्युअलमध्ये नसलेलं पान तुम्हीच लिहून काढता. मग शेवटची नोंद फक्त वाचनाची करा आणि ब्लॉकला लिहायला लावा. रॉकचिपच्या स्टेटसमध्ये फॉल्ट लिहिताना आला हे सांगायला ५ क्रमांकाचा बिट (मोजणी शून्यापासून) आहे. तसा बिट तुमच्याकडे असेल तर तो इथे सापडेल.

आणि खरं मॅपिंग करायची वेळ आली की आयओव्हीए आणि फिजिकल पत्ता कधीही सारखा ठेवू नका. सारखा ठेवला तर आयओएमएमयू बायपासमध्ये असला तरी सगळं उत्तम चालतंय असं दिसतं, आणि मग तुम्ही आठवडाभर दुसरीकडेच खणत बसता. बोर्डावर जिथे रॅम नाही असा पत्ता निवडा. प्रत्येक फिजिकल पान त्याच्या स्वतःच्या क्रमांकाने भरा आणि पानं उलट्या क्रमाने मॅप करा. मग कॉपी झालेल्या बफरमध्ये कुठला क्रमांक कुठे आला यावरून पानाचा आकार आणि नोंदींचा क्रम आपोआप कळतो. पान १६ केबीचं निघालं तर दचकू नका, डार्टमध्ये बहुतेक ठिकाणी तसंच आहे. बफरच्या दोन्ही टोकांना एकेक पान रिकामं सोडा, म्हणजे हद्द ओलांडली की फॉल्ट येईल.

इथवर क्रम असा झाला: क्लॉक, नुसता डंप, टिकणारे बिट, रिकाम्या टेबलवर फॉल्ट, एकेक स्तर, आणि शेवटी वेगळ्या पत्त्यावर खरं मॅपिंग. हे सगळं जमलं तरी "कधी चालतं, कधी नाही" उरतं, आणि त्यामागे सहसा दोघांपैकी एक असतो, सीपीयूची कॅश नाहीतर आयओएमएमयूची स्वतःची.

सीपीयूची कॅश ओळखण्याची खूण म्हणजे प्रिंटके (कर्नलचं लॉगमध्ये छापणारं फंक्शन) टाकला की चालायला लागतं, काढला की बंद. तुम्ही टेबलमध्ये नोंद लिहिलीत, पण ती अजून कॅशमध्येच आहे आणि आयओएमएमयू रॅममधली जुनी वाचतोय. रॉकचिपचा ड्रायव्हर टेबलमध्ये प्रत्येक बदलानंतर डीएमए सिंकची हाक मारतो ती यासाठीच. टेबलची कॅश मुद्दाम साफ करून बघा. फरक पडला तर तुमचा टेबल वाचणारा कॅश बघत नाही, एवढं पक्कं झालं. क्रमाचंही भान ठेवा. आर्म६४ वर साध्या राइटएलच्या (रजिस्टरात लिहिणाऱ्या फंक्शनच्या) आधी बॅरियर (लिखाणांचा क्रम राखणारी सूचना) असतो, त्यामुळे आधीची रॅममधली लिखाणं रजिस्टरच्या आधी पोचतात. राइटएल_रिलॅक्स्डमध्ये तो नसतो. ऑप्टिमायझेशन नंतर करा, आत्ता रिलॅक्स्ड प्रकार वापरूच नका.

आयओएमएमयूची स्वतःची कॅश, म्हणजे टीएलबी, हा चिवट प्रकार आहे. तो सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो: भाडेकरू बदलल्याचं वहीत लिहिलं तरी जुन्याच चेहऱ्याला आत सोडतो. तपासायचं असं. एक पान मॅप करा, ब्लॉकला वाचायला लावा, मग नोंद बदलून दुसऱ्या पानाकडे वळवा, इनव्हॅलिडेट न करता (म्हणजे टीएलबीतली जुनी नोंद न पुसता) पुन्हा वाचायला लावा. जुना क्रमांक आला तर टीएलबी पकडला. आता तुमच्या संशयित इनव्हॅलिडेट कमांड एकेक करून लावा आणि कोणती नवा क्रमांक आणते ते बघा. कमांड दिली म्हणजे काम संपलं असंही नाही. डार्टमध्ये त्यासाठी बिझी बिट आहे आणि तो उतरेपर्यंत ड्रायव्हर थांबतो. रॉकचिपचा ड्रायव्हर झॅप करण्याआधी आणि टेबल बदलण्याआधी काय काय करतो तेही वाचा.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी पुष्कळांना उशिरा कळते. नवी नोंद घालताना, म्हणजे जिथे आधी काहीच नव्हतं तिथेही, इनव्हॅलिडेट लागू शकतं. रॉकचिपचा ड्रायव्हर मॅप करताना त्या टप्प्याचा पहिला आणि शेवटचा पत्ता झॅप करतो. कारण कोडच्या शेऱ्यातच दिलंय: हार्डवेअर टेबलच्या नोंदी एकेक न उचलता कॅशलाइनने उचलतं, त्यामुळे शेजारच्या मॅपिंगमुळे तुमची रिकामी नोंद आधीच आत जाऊन बसलेली असू शकते. मधल्या पत्त्यांना हा धोका नाही, कारण त्यांच्या लाइनमध्ये परकं कोणी नसतं. तुमच्याकडे मॅपिंग बहुतेक वेळा चालून कडेच्या एखाद्या पानावरच फॉल्ट येत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

गोठण्याबद्दल थोडं राहिलं. फॉल्ट आल्यावर आयओएमएमयू डिव्हाइसला रोखून धरत असेल तर तो व्यवहार बसवर लटकलेला असतो. अशा वेळी आधी रिसेट कोणाला करायचं, डीकोडरला की आयओएमएमयूला, हे चिपवर अवलंबून आहे, आणि चुकीचा क्रम लावला तर पूर्ण बस अडकते. व्हेंडरचा एररचा मार्ग वाचा, तिथला क्रम सहसा कोणीतरी रात्र जागवून शोधलेला असतो. रिसेट ही बिनधोक गोष्ट समजू नका. रॉकचिपच्या डिव्हाइस ट्रीमध्ये काही एमएमयूंवर रिसेट वापरूच नका असं सांगणारी वेगळी खूण आहे.

व्हेंडरचा जुना कर्नल तुमच्या बोर्डावर नीट चालतोय ना? मग तो वाचण्यापेक्षा चालताना बघा. एक्स८६ वर यासाठी एमएमआयओट्रेस हा रजिस्टरांची वाचनं-लेखनं टिपणारा ट्रेसर आहे. तो नूव्हो प्रकल्पाच्या (एनव्हिडिया जीपीयूंसाठीच्या मुक्त ड्रायव्हरच्या) गरजेतून आला आणि २००८ च्या २.६.२७ कर्नलपासून मूळ कर्नलमध्ये आहे. एम१ साठी असाही लिनक्सच्या (ॲपलच्या चिपवर लिनक्स आणणाऱ्या प्रकल्पाच्या) मंडळींनी एम१एन१ नावाच्या बूटलोडरमध्येच छोटा हायपरव्हायजर केला, त्यात मॅकओएसच चालवलं आणि त्याची रजिस्टर वाचनं-लेखनं टिपून घेतली. तुमच्याकडे तर सोर्स आहे, तेव्हा इतकं लांब जायची गरज नाही. व्हेंडरच्या ड्रायव्हरमधले रजिस्टर वाचण्या-लिहिण्याचे फंक्शन गुंडाळा आणि प्रत्येक व्यवहार एका बफरमध्ये टिपा. सीरियलवर लगेच छापू नका, वेळेचं गणित बदलतं. मग तुमच्या मॉड्यूलचा तसाच लॉग काढून दोन्ही शेजारी ठेवा. पाहिलेले आकडे आणि क्रम लिहून काढा, पण कुठून तरी फुटलेलं गोपनीय मॅन्युअल हाती आलं तर त्यापासून लांब राहा. त्यावर बेतलेला ड्रायव्हर पुढे मूळ कर्नलमध्ये घेणं अवघड होऊन बसतं.

व्हेंडरला मेल लिहायचाच असेल तर "पूर्ण डॉक्युमेंट द्या" असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. "या आयओएमएमयूचा टेबल वॉकर सीपीयूची कॅश स्नूप करतो का?" किंवा "ऑफसेट २४ च्या रजिस्टरातला तिसरा बिट फक्त रिसेटनंतरच बदलतो, हे बरोबर आहे का?" असा एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा. समोरच्या अप्लिकेशन इंजिनिअरला कोणाची परवानगी न घेता हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे.

सध्या रिकाम्या टेबलवरचा फॉल्ट एवढंच करा. स्टेटस, फॉल्टचा पत्ता, तुम्ही ब्लॉकला दिलेला पत्ता आणि टिकणाऱ्या बिटांचा आकडा, हे चार इथे टाका. त्यावरून टेबलचा फॉरमॅट कुठल्या घराण्यातला आहे याचा अंदाज बांधता येईल.